दुसऱ्या हाताची सवय

भुरी म्हैस एकहाती होती. कासेला नीलकंठचा हात लागला तरच पान्हा सोडायची. दुसरं कोणी बसलं की दूध असं चढवून घ्यायची, की बोटं दुखून आली तरी चरवीचा तळ भिजायचा नाही. एकदा नीलकंठ परगावी गेला होता, तेव्हा यामिनीनं नवऱ्याचा सदरा अंगात घालून धार काढायला बघितलं. भुरीनं एक लाथ अशी झाडली की चरवी अंगणात जाऊन पडली. सेमरभाठ्याच्या बायका तेव्हापासून म्हणायच्या, ही म्हैस नाही हो, यामिनीची सवत आहे. नीलकंठच्या आईला, पद्मिनीबाईंना, हे ऐकून भारी हसू यायचं.

सेमरभाठा म्हणजे रायपूरहून खारून नदी ओलांडली की अर्ध्या तासावरचं गाव. शहर रस्त्यारस्त्यानं जवळ सरकत चाललंय, पण म्हशी अजून तळ्यातच डुंबतात. पद्मिनीबाईंच्या घरच्या सहा म्हशी, घरामागं दीड एकर धान, आणि रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांचा दुधाचा रतीब. त्यांचे यजमान यशवंतराव होते तोवर रतीब तेच घालत. ते गेले त्याला पाच वर्षं झाली, आणि सगळा गाडा एकट्या नीलकंठवर आला. घरात मराठी, गोठ्यात छत्तीसगढी आणि बाजारात हिंदी, असा त्याचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा.

या होळीनंतर तो बसला. गावात याला 'बसला' असंच म्हणतात, दुसरा शब्द नाही. पहाटे डोळे टक्क उघडे, पण अंग उठायचं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. ताटातला भात चिवडून सरकवून द्यायचा. सात वर्षांची ईरा गळ्यात पडली तर तिच्या पाठीवर हात ठेवायचा, पण तो हात नुसता ठेवलेला असायचा. धारेच्या वेळी मात्र ओढल्यासारखा उठायचा, भुरीखाली बसायचा आणि चरवी भरून परत भिंतीकडं.

आणि इथंच सगळे फसले. "म्हैस पान्हावते ना त्याले? मग पोट्टा बरा आहे. मुक्या जनावराले पहिले समजते," असं जो तो म्हणायचा. पद्मिनीबाईही म्हणायच्या. म्हशीच्या भरवशावर तीन महिने गेले बघा.

कारणं मात्र गावानं ढीगभर दिली. कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे मोबाईल. मागच्या पावसाळ्यात दोन म्हशी दगावल्या त्याचा धसका असंही झालं. यामिनीच्या आईनं तर फोनवरून विचारलं, "संसारात काही कमी पडलं का व?" त्या दिवशी यामिनी चुलीपुढं बसून रडली. पद्मिनीबाईंकडं एक कारण होतं, पण ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कमरछठच्या उपासाला त्यांचा पाय नांगरटीत पडला होता.

कमरछठ म्हणजे लेकरांसाठीचा उपास. आपल्या पंचांगात ती श्रावण वद्य षष्ठी, इकडच्या बायकांचा तो भादो, म्हणजे भाद्रपद. त्या दिवशी नांगरानं पिकवलेलं खायचं नाही, तळ्याकाठी आपोआप उगवलेला पसहर तांदूळ शिजवायचा. गाईचं दूध चालत नाही, म्हशीचंच लागतं. आणि नांगरलेल्या रानात पाऊल टाकायचं नाही. त्या वर्षी वगार सुटून शेजारच्या वावरात शिरली आणि पद्मिनीबाई भान विसरून मागे धावल्या. टाचेला लागलेली ती माती त्यांनी सात वेळा धुतली. मनातून काही ती निघाली नाही.

शेवटी जूनमध्ये यामिनीनंच नवऱ्याला उठवून सरकारी दवाखान्यात नेलं, मनाच्या डॉक्टरकडं. सासू सोबत होती. डॉक्टर साक्षी नावाची तरुण बाई, विदर्भातून रेल्वेच्या नोकरीला आलेल्या घरातली, मराठी बोलणारी. तिनं बरंच विचारलं, लिहून घेतलं, मग पद्मिनीबाईंकडं वळली.

"काकू, घरात आधी कोणाला असं झालं होतं? तुमच्याकडं, माहेरी?"

"नाई जी," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आमच्यात असं काई नाई."

गोळ्या सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस काहीच नाही, उलट मळमळ. डॉक्टरनं हे आधीच सांगितलं होतं म्हणून यामिनीनं नेट सोडला नाही. चौथ्या आठवड्यात नीलकंठनं आपणहून दाढी केली. सहाव्या आठवड्यात गोठ्यातून त्याची शीळ ऐकू आली, तेव्हा पद्मिनीबाई हातातलं शेण टाकून नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या.

रतीब तोवर यामिनी घालू लागली होती. साडेपाचला स्कुटीला कॅन अडकवून निघायची, ती नऊला परत. म्हणून सकाळची गोळी सासूच्या हाती आली. नीलकंठ धार काढून यायचा, हात धुवायचा, तळहात पुढे करायचा. गोळी कोणती, कशी, तो बघायचाच नाही. आई देते ती घ्यायची.

आता पद्मिनीबाईंचं चुकलं ते असं. त्यांच्या हिशेबी औषध म्हणजे ताप आहे तोवर. ताप उतरला की काढा बंद. पोरगा शीळ घालतोय, मग आणखी कशाला? त्यात भजनातल्या बायका म्हणायच्या, असल्या गोळ्यांची लत लागते, माणूस जन्माचा अडकतो. आणि सगळ्यात खोल गोष्ट अशी, की कमरछठ जवळ आली होती. बिघडलं माझ्या पायानं, तर सुधारेलही माझ्याच उपासानं, असं त्यांच्या मनानं घेतलं. मध्ये गोळ्या आल्या तर छठमाईनं माफ केलं की नाही, कळणार कसं?

स्वतःच्या गुडघ्यांसाठी त्यांना आरोग्य केंद्रातून कॅल्शियमच्या गोळ्या मिळायच्या. त्याही पांढऱ्याच. उपासाच्या तेरा दिवस आधी त्यांनी पोराच्या तळहातावर पहिली कॅल्शियमची गोळी ठेवली. खरी गोळी कागदात बांधून पसहरच्या डब्यात गेली. त्या दिवशी त्यांना काही वाईट वाटलं नाही, हे खरंच सांगायला हवं. उलट हलकं वाटलं.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून नीलकंठला गरगरायला लागलं. "उकाड्यानं होऊन राहिलं असंन," तो म्हणाला. आठव्या दिवशी ईराच्या हातून पेला पडला, तर तो असा ओरडला की पोरगी दाराआड जाऊन उभी राहिली, आणि मग तोच रडला. शीळ बंद झाली. दहाव्या दिवशी तो पुन्हा भिंतीकडं वळला. पद्मिनीबाई बघत होत्या. रोज वाटायचं आज देते, आज खरी देते. आणि रोज वाटायचं, थोडेच दिवस राहिले उपासाला, आता मागं कशाला फिरू.

इकडं अंगणात बायकांची ये-जा वाढली होती. छठच्या आदल्या दिवशी म्हशीच्या दह्यासाठी आख्खा पारा, सगळी आळी, याच घरी यायची. शेजारची विमला विचारून गेली, "काकी, छठ बर दही मिलही न?" आणि पद्मिनीबाईंनी दरवर्षीसारखं "हव, मिलही" म्हणून टाकलं.

उपासाच्या आदल्या पहाटे पाऊस थांबला होता. गोठ्यात शेणाची आणि ओल्या पैऱ्याची, धानाच्या काडाची, वाफ भरली होती. पद्मिनीबाई गव्हाणीत ढेप टाकत होत्या. बघतात तर नीलकंठ यामिनीला हाताला धरून भुरीकडं आणतोय.

"बस इथं. घाबरू नको, मी बाजूले आहो. तुझा हात खाली, माझा वरून."

"आज सुचलं तुम्हाले?" यामिनी हसली. कितीतरी दिवसांनी तो इतकं बोलला होता. "नऊ वर्ष झाले लग्नाले, सवतीनं अंगाले हात लावू देला नाई."

"अंगठा दुमडू नको. सडाले ओढायचं नाई, दाबायचं. हां, असं. चार दिवसांत सोडंल तुले."

भुरीनं कान हलवले, पाय आपटला. नीलकंठनं तिच्या मांडीवर गाल टेकवला आणि पुटपुटत राहिला. मग चरवीत एक धार वाजली, बारीक, पण वाजली. यामिनीला इतका आनंद झाला की तिनं सासूकडं वळून पाहिलं.

"व्हायला पाह्यजे तिले दुसऱ्या हाताची सवय," नीलकंठ म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "नाई तर कास सुजंल बिचारीची."

"नाई तर म्हणजे? तुम्ही कुठं चालले?"

"कुठं नाई. असंच."

पद्मिनीबाईंच्या हातातून ढेपीचं टोपलं सुटलं.

राजनांदगावकडच्या त्यांच्या माहेरी असंच घडलं होतं. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील पावसाळाभर खाटेवर पडून, कोणाशी शब्द नाही. आणि एके दिवशी उठले, धाकट्या भावाला वावरात घेऊन गेले. त्यांचे बैल त्यांच्याच हाकेला जू घ्यायचे, ती हाक भावाला शिकवत बसले. चार संध्याकाळी शिकवलं, कसल्या मायेनं शिकवलं. घरात सगळ्यांना वाटलं, आले बापा माणसांत. आईनं शिरा केला होता. पाचव्या दिवशी ते गेले. कसे गेले ते घरातच राहिलं, बाहेर सांगितलं ताप आला. एकोणचाळीस वर्षं पद्मिनीबाईही तेच सांगत आल्या होत्या.

"यामिनी," त्यांनी हाक मारली. "आत ये."

"आई, कॅन भरायचे आहेत, उशीर—"

"रतीब राहू दे आज. ये म्हणते ना."

स्वयंपाकघरात त्यांनी डबा उघडला, तांदळातून कागदाची पुडी काढली आणि सुनेपुढं सोडली. बारा गोळ्या. पुडीकडं बोट करून त्यांनी सगळं सांगितलं. कॅल्शियमचं सांगितलं, नांगरटीचं सांगितलं, बैलांचंही सांगितलं. सांगताना त्यांना सुनेच्या तोंडाकडं बघवेना.

यामिनी पाटावर बसली. बराच वेळ तिनं एकेक गोळी नुसती मोजली.

"मी तुमच्या हातावर सोडून जात होती, आई," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या नाई."

एवढंच. पद्मिनीबाईंना वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग यामिनी उठली आणि कामाला लागली. डॉक्टरनं कागदावर नंबर दिला होता, तिथं फोन केला. "आजच आणा," तिकडून उत्तर आलं. "गोळी आता फोनवरून बदलू नका, इथं बघते. तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि घरात विषारी काही असेल तर हलवा." यामिनीनं गोचिडांच्या फवारणीचं औषध गोठ्यातून उचललं आणि विमलाच्या घरी ठेवून आली. जाताना सासूला म्हणाली, "त्यांच्यापाशी बसा. काई बोलले नाई तरी बसा."

पद्मिनीबाई गोठ्यात जाऊन पोराशेजारी पैऱ्यावर बसल्या.

"नीलू, आंघोळ कर. डॉक्टरकडं जायचं आहे."

"कायले? गोळ्या घेऊनच राहिलो ना. काई फरक पडत नाई, आई. मी असाच राहीन."

"फरक पडत होता बापा. मीच पडू देला नाई." आणि त्यांनी सांगितलं. नीलकंठ ऐकत राहिला. रागावला नाही. भुरीच्या शेपटीला अडकलेली काडी काढली आणि आंघोळीला उठला.

दारात विमला गंज, म्हणजे पितळी पातेलं, घेऊन उभी होती, दह्यासाठी. मागे आणखी दोघीतिघी. तीस वर्षांत पद्मिनीबाईंनी छठचं दही कोणाला नाही म्हटलं नव्हतं.

"इस बार नहीं होगा, बहिनी," त्या म्हणाल्या.

"कइसे काकी? काली छठ हे, अब कहाँ जाबो?" उद्यावर छठ आली, आता कुठं जायचं, म्हणून मागची एकजण कुरकुरली.

ताप आला म्हणून सांगायला जीभ वळत होती. सवयीची जीभ ती. पद्मिनीबाईंनी ती आवरली. "नीलू की तबीयत ठीक नहीं है. मन की तबीयत. डॉक्टर के पास जा रहे हैं." बोलून झाल्यावर कान गरम झाले. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. विमलानं गंज काखेत मारला आणि म्हणाली, "त जा न काकी. ईरा ला मैं देख लेहूँ. भइंसी मन ला घलो." ईरासोबत म्हशींकडंही तीच बघणार होती.

दवाखान्यात डॉक्टर साक्षी आधी नीलकंठशी एकटीच बोलली. मग दोघींना आत बोलावलं आणि त्याची परवानगी घेऊन, एकट्यात विचारलेला प्रश्न त्यांच्यासमोर पुन्हा केला.

"मरावंसं वाटतं का, दादा?"

पद्मिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. असं उघड विचारतात का कोणी?

"मरावंसं नाई," नीलकंठ हळूहळू म्हणाला. "नसावंसं वाटते."

"बरं झालं बोललात." डॉक्टर तिच्या साध्या आवाजात म्हणाली, जणू त्यानं खोकला किती दिवसांचा ते सांगितलं. "विचारल्यानं असं काही डोक्यात शिरत नाही, काकू. उलट माणूस मोकळा होतो. आता गोळ्यांचं सांगा. कोणी बंद केल्या?"

"मीच," पद्मिनीबाई म्हणाल्या. "बरा दिसला म्हणून. आणि लत लागंल म्हणून."

"या गोळ्यांची लत लागत नाही. पण एकदम तोडल्या तर गरगरतं, चिडचिड होते, आणि दुखणं परत फिरतं. बरं वाटायला लागलं तरी पुढं सहा-नऊ महिने चालू ठेवायच्या. थांबवायच्या तर मी सांगेन, हळूहळू." तिनं कागद पुढं ओढला. "पुन्हा सुरू करू. आठ दिवसांनी परत यायचं, तोवर रोज फोन. आणि गोळीवर सगळं टाकायचं नाही. तीनला उठणं बंद, झोप पुरी पाहिजे. बोलायला इथं ताई आहेत, त्यांच्याकडं दर आठवड्याला बसायचं."

"पण डॉक्टरीणबाई, चूक कोणाची?" पद्मिनीबाईंना राहवलं नाही. "माझा पाय पडला होता नांगरटीत. उपासाच्या दिवशी."

डॉक्टर हसली नाही. "पायानं होत नाही हे, काकू. एकाच कारणानंही होत नाही. वडील गेले, सगळा भार एकट्यावर आला, पाच वर्षं झोप नाही, म्हशी गेल्या. थोडं थोडं साचत जातं. कधी रक्तातूनही येतं. म्हणून तर मागच्या वेळी विचारलं होतं."

खोलीत पंखा फिरत होता. यामिनी सासूकडं बघत होती. बोलायचं तर पद्मिनीबाईंनीच बोलायचं होतं.

"माझे वडील," त्या म्हणाल्या. "श्यामकांत. तेपण बसायचे. दर पावसाळ्यात. लोक आळशी म्हणत. शेवटी... तापानं नाही गेले ते. स्वतःच गेले." पुढं त्यांना रडू आवरेना. एकोणीस वर्षांच्या पोरीनं तेव्हा रडायला हवं होतं तशा त्या रडल्या, नाक ओढत, मोठ्यानं. डॉक्टरनं पाणी दिलं.

"काकू, तुमची झोप कशी आहे?" मग तिनं विचारलं.

"माझी?" पद्मिनीबाई गोंधळल्या. आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. "माझी कायले?"

"पुढच्या वेळी तुम्हीही माझ्याशी बोला," डॉक्टर म्हणाली.

यामिनी गोळ्यांच्या रांगेत उभी राहिली. मायलेक बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर बसले. ऊन पडलं होतं, बाकाच्या फटीतून वाफ येत होती. नीलकंठ चपलेनं माती उकरत होता.

"कॅल्शियम होतं ते?"

"हो."

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

"मग हाडं तं पक्की झाली असतीन माझी."

तो हसला नाही, पण त्याच्या ओठाचा कोपरा हलला. पद्मिनीबाईंनी त्याचा दंड घट्ट धरला. "मले माफ कर नीलू," त्या म्हणाल्या. तो हात त्यानं सोडवला नाही.

"मले वाटे, आपल्या घरात सगळे मजबूत," तो म्हणाला. "बाबा तसे, तू तशी. मीच एक कुजका निघालो. तोंड दाखवू नये असं वाटे. आजोबालेपण होतं हे?"

"होतं."

"आणि तू एकोणचाळीस वर्ष कोणाले बोलली नाई."

"कोणाले सांगू? आईनं शपथ घातली होती."

नीलकंठनं मान वर केली. आईकडं नीट बघितलं, सकाळपासून पहिल्यांदाच.

"ते बरे राहत तेव्हा कसे होते?"

 ते कसे गेले हेच पद्मिनीबाईंनी इतकी वर्षं दाबून धरलं होतं, आणि त्याखाली ते कसे जगले तेही दबून गेलं होतं. मग एकदम आठवलं.

"लई बोलायचे," त्या म्हणाल्या. "बसमध्ये बसले की कंडक्टरचं सगळं कूळ विचारून घेत. उतरायचं गाव मागं जाई. एकदा मले बाजारात नेलं, खांद्यावर बसवून. मी मोठी होती तरी. लोक हसून राहिले. आणि घरी दोन कंदील असताना तिसरा घेतला, दुकानदाराची गोष्ट अर्धी राहिली होती म्हणून. ती ऐकायची होती त्याइले, मग काही घ्यायला नको? आई त्या कंदिलावरून आठ दिवस बोलली नाही..." त्या थांबल्या.

रांगेतून यामिनीनं हात केला, दोनच माणसं राहिली होती. नीलकंठनं तिला बोटानं थांब अशी खूण केली आणि आईकडं सरकून बसला.

"मग?" त्यानं विचारलं.